जागेवर स्टिअरिंग फिरवताना येणारा ‘टक्’ आवाज : जुनी जिप्सी, मुक्काम सत्तरी

कुळागरवाला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००८ सालची पेट्रोल जिप्सी (मारुतीची जीपसारखी फोर-व्हील गाडी) आहे. गोव्यात वाळपईपासून आत असलेल्या आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) जाण्यासाठी ती रोज वापरात असते. शेवटचा दीड किलोमीटर रस्ता म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे टप्पे, त्यात मधोमध एक व्हाळ (ओढा) आणि पावसाळ्यात घोट्याएवढा लाल चिखल, त्यामुळे गाडीच्या पुढच्या भागाला विश्रांती अशी मिळतच नाही.

गेल्या पाच-सहा महिन्यांपासून गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग डावीकडे किंवा उजवीकडे वळवले की ‘टक्’ असा एकच, जाड आवाज येतो. दिशा बदलली की पुन्हा एकदा येतो. अगदी हळू वेगात दगडावरून चाक उतरते तेव्हाही तसाच आवाज येतो, आणि तो कानांपेक्षा पायाखालच्या पत्र्यात अधिक जाणवतो. डांबरी रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगात मात्र गाडी निमूट चालते.

दोन गॅरेजे झाली. पहिल्या ठिकाणी टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाके एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे) दोन्ही एंड बदलले. दुसऱ्या ठिकाणी स्टिअरिंग डँपर आणि पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. साधारण अकरा हजार रुपये गेले आणि आवाज जसा होता तसाच आहे. आता तिसऱ्या मेस्त्रीने स्टिअरिंग बॉक्स उघडण्याचा सल्ला दिला आहे. उघडण्यापूर्वी येथे विचारावे असे वाटले.

अनमोडपार

वळवताना ‘टक्’ म्हणजे पुढच्या ॲक्सलमधला सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकापर्यंत ताकद पोचवणारा सांधा) गेला, एवढे साधे गणित आहे. माझ्या गाडीला अगदी असाच आवाज होता. नकल (ॲक्सलच्या टोकाचा, चाकाबरोबर वळणारा भाग) उघडा, ग्रीसचा रंग पाहा. व्हाळातले पाणी आत गेले असेल तर ग्रीस दुधाच्या कॉफीसारखे झालेले दिसेल.

यंत्रनिष्ठा

अनमोडपार, व्हाळाबद्दलची तुमची शंका रास्त आहे आणि ग्रीस तपासायला हवेच, परंतु सीव्ही जॉइंटचा आवाज ॲक्सलचा दांडा फिरत असतानाच येतो, आणि तोही एकामागून एक ‘कट-कट-कट’ असा, चाकाच्या गतीबरोबर वाढणारा. गाडी उभी असताना दांडा फिरतच नाही.

कुळागरवाला, तुमच्या गाडीला हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब (पुढची चाके ॲक्सलच्या दांड्याला जोडणारे-सोडवणारे) असतील तर ही शंका फुकटात मिटवता येईल. दोन्ही हब ‘फ्री’वर ठेवा, गाडी टू-व्हीलमध्ये ठेवा आणि मोकळ्या मातीत पूर्ण वळण घेऊन हळू गोल फिरा. नंतर हब ‘लॉक’ करून, फोर-व्हील घालून, त्याच मातीत तसेच फिरा. दुसऱ्या फेरीतच आवाज आला तर सीव्हीकडे वळू. दोन्ही फेऱ्यांत सारखाच आला तर पुढचा दांडा आणि त्याचे जॉइंट निर्दोष समजायला हरकत नाही. ही चाचणी डांबरावर करू नका, कारण फोर-व्हीलमध्ये कोरड्या कठीण रस्त्यावर तीव्र वळण घेतले की सगळी यंत्रणा आखडते आणि चांगल्या गाडीतूनही नको ते आवाज येतात.

आणखी एक प्रश्न : इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवल्यावर आवाज येतो का? या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे तो प्रश्न मुख्यतः इंजिनाचे माउंटिंग वगळण्यासाठी विचारत आहे.

फोंडेकर

शोधत बसण्यापेक्षा पुढचे सगळे रबरी बुश (सांध्यांतली रबरी अस्तरे) काढून पॉलीयुरेथेनचे टाका. एकदाच खर्च होईल आणि पुढची दहा वर्षे बघायला नको.

पाटेवाला

मी या धाग्यावर उशिरा आलो. २०१२ साली खाणी बंद झाल्या, त्याआधीची माझी बरीच वर्षे डिचोली भागात खनिजाच्या ट्रकांचे पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) आणि बुश बदलण्यात गेली. जिप्सी त्या मानाने खेळणे आहे, परंतु चेसिस, पाटे आणि सलग ॲक्सल हा संसार तोच आहे.

फोंडेकर, पॉलीयुरेथेनचे बुश ग्रीसशिवाय बसवले तर ते स्वतःच करकर करू लागतात, आणि मग जुना आवाज कुठला व नवा कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दोष सापडेपर्यंत गाडीत नवे काही घालू नये.

कुळागरवाला, तुम्ही ‘टक्’ म्हणता. मला एवढेच सांगा, की तो एकच आवाज आहे की दोन आहेत? माणूस एका तक्रारीखाली दोन-तीन आवाज गोळा करतो आणि मग एक भाग बदलल्यावर ‘काहीच फरक पडला नाही’ असे म्हणतो, जेव्हा त्यातला एक आवाज गेलेलाही असतो. उद्या सकाळी गाडी थंड असताना, घरचे सगळे शांत असताना, काच खाली करून फक्त ऐका. हात लावू नका, काही खोलू नका.

त्यानंतर दुसरे काम. गाडी सपाट जागी, चाके जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावलेले. एकाने आत बसून स्टिअरिंग चार बोटे इकडे, चार बोटे तिकडे असे न थांबता हलवायचे. दुसऱ्याने खाली आडवे होऊन स्टिअरिंग बॉक्स, पिटमन आर्म (बॉक्सखालचा हलणारा हात), ड्रॅग लिंकची (त्या हातापासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोके, टाय रॉड, शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारा झुलता दुवा) आणि पाट्यांचे डोळे (टोकांची गोल भोके) यांवर एकेक करून तळहात ठेवायचा. चेसिस म्हणजे घंटा आहे : डाव्या कोपऱ्यात वाजले तरी ते ड्रायव्हरच्या पायाखाली ऐकू येते. कानाची फसगत होते. हाताला मात्र ठोका जिथे बसतो तिथेच कळतो.

गाडी जॅकवर उचलून ही चाचणी करू नका. गॅरेजात बहुधा तेच झाले असावे. चाक टांगले की सांध्यांवरचा भार जातो आणि झिजलेला सांधाही शहाण्यासारखा गप्प बसतो.

कुळागरवाला

सर्वांचे आभार. दोन दिवस लागले, पण सांगितलेले सगळे केले.

इंजिन बंद असतानाही आवाज येतो. हबची चाचणी आमच्या खळ्याच्या मातीत घेतली. दोन्ही फेऱ्यांत आवाजात काहीच फरक नाही आणि ‘कट-कट’ तर मुळीच नाही. नकलमधले ग्रीस पाहिले, ते काळे आहे, पण पाणी गेल्याची खूण नाही.

पाटेवाले काका, तुमचा प्रश्न नेमका निघाला. आवाज दोन आहेत. एक तो जाड ‘टक्’, आणि दुसरा सकाळी गाडी पहिल्यांदा खाली-वर झाली की येणारा ‘कर्र’ असा, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. दुसरा आवाज इतक्या वर्षांचा आहे की मी तो ऐकणेच सोडून दिले होते.

हाताची चाचणी मुलाने केली. स्टिअरिंग बॉक्सवर काही जाणवले नाही. ड्रॅग लिंक आणि टाय रॉडच्या टोकांवरही नाही. शॅकलपाशी थोडी थरथर आहे. तो म्हणतो की डाव्या पाट्यावर, ॲक्सलच्या जवळ, हाताला ठोका बसतो, परंतु तेथे हलण्यासारखा सांधाच नसल्यामुळे त्याला स्वतःच्या हाताची खात्री वाटत नाही.

नकल पाहण्यासाठी गाडी उचललीच होती, म्हणून तेव्हा चाके धरूनही हलवून पाहिली. उजवे चाक वर-खाली धरून हलवले तर किंचित खेळ आहे, डाव्याला नाही.

यंत्रनिष्ठा

उजव्या चाकाचा खेळ वेगळा काढून ठेवू. चाक वर-खाली धरून हलवल्यावर जाणवणारा खेळ व्हील बेअरिंगचा असतो किंवा किंगपिनच्या (ज्या खिळीवर नकल वळते तिच्या) बेअरिंगचा. दोन्हींत फरक करण्यासाठी कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबला की डिस्क आणि नकल एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे व्हील बेअरिंगचा खेळ नाहीसा होतो. ब्रेक दाबूनही तो उरला तर किंगपिनकडे पाहावे लागेल. जिप्सीत किंगपिनची बेअरिंगे सैल झाली की ठराविक वेगात स्टिअरिंग थरथरू लागते, आणि तशी तक्रार तुम्ही कुठेच लिहिलेली नाही.

मुलाच्या हातावर मात्र विश्वास ठेवा. जेथे सांधा नाही तेथे ठोका बसत असेल, तर जे घट्ट असायला हवे ते घट्ट नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

पाटेवाला

ताईंनी माझ्या तोंडचे वाक्य घेतले.

कुळागरवाला, आता आठवून खरे सांगा. गेल्या वर्ष-दीड वर्षात पुढच्या पाट्यांना कुणी हात लावला होता का?

कुळागरवाला

होय. हे पहिल्याच वेळी लिहायला हवे होते. मागच्या वर्षी पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढण्याचे यंत्र) बसवली, त्या वजनाने गाडी नाकावर बसली, म्हणून एका पाटेवाल्याकडे दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून घेतला. त्या वेळी आवाज नव्हता, म्हणून मी हे काम आवाजाशी जोडले नाही. आवाज त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी सुरू झाला.

ब्रेक दाबल्यावर उजव्या चाकाचा खेळ गेला. म्हणजे व्हील बेअरिंग. आमच्या मेस्त्रीने आतले नट नीट जुळवून आवळले, आता खेळ नाही. ‘टक्’ अर्थातच आहे.

अनमोडपार

पाटा वाढवला असेल तर ड्रॅग लिंकचा कोन वाढला असणार. जिप्सीत ती आडवी जाते, त्यामुळे गाडी पुढून उंच झाली की खड्ड्यात चाक वर-खाली होताना स्टिअरिंग आपोआप ओढले जाते. आवाज त्याचाच नसेल ना?

पाटेवाला

कोन वाढला की स्टिअरिंग ओढते हे बरोबर आहे, पण त्याने जागेवर ‘टक्’ होणार नाही. माझा संशय यू बोल्टवर आहे, आणि का ते सविस्तर सांगतो.

ॲक्सल पाट्यांना धरून राहतो तो यू बोल्टांच्या दाबामुळे. पाट्यांच्या मधोमध जो सेंटर बोल्ट असतो, त्याचे डोके ॲक्सलच्या बैठकीतील भोकात बसते. त्याचे काम पाटे एकत्र ठेवण्याचे आणि ॲक्सलला जागा दाखवण्याचे. ओझे ओढण्याचे काम त्याचे नव्हे. यू बोल्ट सैल पडले की सगळा धक्का त्या बिचाऱ्या बोल्टावर येतो, आणि काही दिवसांनी त्याचे डोके कातरले जाते. मग ॲक्सल पाट्यावर पुढे-मागे सरकू लागतो. आवाज ‘टक्’ असाच येतो.

नवा पाटा घातल्यानंतर पाटे एकमेकांवर बसतात, त्यांमधला रंग आणि गंज चेपला जातो, आणि जुळणीची जाडी केसाएवढी कमी होते. तेवढ्याने यू बोल्टांचा ताण उतरतो. म्हणून पाट्याचे काम झाल्यावर काही शे किलोमीटर गाडी चालवून ते पुन्हा आवळायचेच असतात. खाणीवर आम्ही हे काम चुकवले तर ट्रक आठवड्याभरात परत येत असे. लहान गाडीच्या मालकाला हे कुणी सांगत नाही, आणि तो परत येत नाही.

तुम्ही म्हणाल, गॅरेजात पाना लावून पाहिला असेलच. असेलही. जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खालून जातात, त्यामुळे यू बोल्टांचे नट गाडीच्या अगदी खालच्या भागात येतात आणि जांभ्याच्या टप्प्यांवर आपटून त्यांचे आटे चेपतात. चेपलेल्या आट्यावर नट अडकतो. पान्याला तो घट्ट लागतो आणि खाली पकड मात्र सैलच असते.

आता तपास असा करा. रिकाम्या सपाट रस्त्यावर, माणूस चालतो त्या वेगाने पुढे जाऊन पायाचा ब्रेक झटकन दाबा. मग रिव्हर्समध्ये तसेच. दोन्ही वेळी एकेकदा ‘टक्’ आला तर ॲक्सल सरकत असल्याचा संशय पक्का होतो. त्यानंतर फक्त हँडब्रेकने तीच गोष्ट करा. हँडब्रेक मागच्या चाकांवरच काम करतो, त्यामुळे आवाज आला नाही तर मागचा भाग सुटला.

गाडी खालून पाण्याच्या जोराने धुऊन घ्या आणि दोन दिवस फक्त डांबरावर चालवा. धातूवर धातू घासला की तांबूस पूड पडते. आमच्याकडे गाडीखाली सगळेच तांबडे असते, म्हणून ही खूण गोव्यात कुणाच्या नजरेत भरत नाही. धुतल्यानंतर, चिखलात न जाता, एकाच ठिकाणी पुन्हा तांबूस रेघ उमटली, तर ती माती नव्हे.

शेवटचे माप. गवंड्याकडून ओळंबा आणा. पुढची चाके सरळ ठेवा, चारही हबच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करा आणि दोन्ही बाजूंचे पुढचे-मागचे अंतर टेपने मोजा. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर आहे. जुन्या गाडीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक मी मनावर घेणार नाही, पण त्याहून अधिक असेल तर मला लगेच कळवा.

यंत्रनिष्ठा

यात एक भर घालते. यू बोल्टखालची पट्टी, पाट्यांचा थर आणि ॲक्सल या तिघांवरून आडवी अशी एक पांढरी रेघ व्हाइटनरने ओढा. चुन्याची रेघ जाड येते. नंतर मोबाइल जमिनीवर टेकवून स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा आणि कुणाला तरी जागेवर स्टिअरिंग फिरवायला सांगा. रेघ मोडताना दिसली तर वादच संपला. मोबाइल चाकाच्या मार्गात ठेवू नका, हे सांगण्याची गरज नसावी, पण माझ्या एका विद्यार्थ्याने तोही पराक्रम केला आहे.

कुळागरवाला

चार दिवसांनी लिहितो आहे.

पायाचा ब्रेक : पुढे जाताना एक ‘टक्’, मागे जाताना एक ‘टक्’. हँडब्रेक : काही नाही.

गाडी धुऊन साखळीपर्यंत दोनदा डांबरी रस्त्याने जाऊन आलो. डाव्या बाजूला यू बोल्टच्या पट्टीजवळ, ॲक्सलच्या बैठकीच्या कडेने, बारीक तांबूस पूड उमटली आहे. उजव्या बाजूला तीच जागा स्वच्छ आहे.

माप : उजवीकडे २३७४, डावीकडे २३६६. तीनदा मोजले, तिसऱ्या वेळी स्वतः गवंड्यानेच मोजले. डावे चाक आठ मिलिमीटर मागे आहे.

चित्रीकरणात पांढरी रेघ स्पष्ट तुटते. स्टिअरिंग उजवीकडे वळवताना ॲक्सलचा भाग एका बाजूला सरकतो आणि डावीकडे वळवताना परत येतो, साधारण तीन मिलिमीटर. बायकोने ते पाहिले आणि या गाडीतून माहेरी जाणार नाही असे जाहीर केले.

आणखी एक गोष्ट आता लक्षात येते आहे. तीन-चार महिन्यांपूर्वी स्टिअरिंग व्हील सरळ रस्त्यावर तिरके राहू लागले होते. व्हील अलाइनमेंट करून घेतले, त्यांनी ड्रॅग लिंक जुळवून ते सरळ करून दिले, आणि मी विषय सोडला.

पाटेवाला

तुमच्या सौभाग्यवतींचे बरोबर आहे. गाडी आजपासून उभी करा. सेंटर बोल्ट तुटलेला असावा. ब्रेक दाबल्यावर ॲक्सल किती सरकेल हे आता कुणाच्याही हातात नाही, आणि चोर्ला घाटात उतरताना तो एकदम सरकला तर स्टिअरिंगही ओढले जाईल आणि ब्रेकच्या होजवरही ताण येईल. मेस्त्रीला घरी बोलवा.

अलाइनमेंटवाल्याला दोष देत नाही, तो चाकांची तोंडे जुळवतो. पण सरळ असलेले स्टिअरिंग कुणी काही न बदलता तिरके झाले असेल, तर ते जुळवण्याआधी काय सरकले ते शोधायला हवे होते.

काम करताना जॅकखाली फळी ठेवा, आपल्याकडची भिजलेली माती जॅक गिळते. चेसिस घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवल्याशिवाय कुणीही खाली जाऊ नये. ॲक्सलला वेगळा आधार द्या. यू बोल्ट नवे घ्या, जुने पुन्हा वापरू नका, कारण एकदा ताणले गेलेले आणि आटे चेपलेले बोल्ट परत पूर्ण पकड देत नाहीत. सेंटर बोल्ट नवा, आणि त्याचे डोके बैठकीच्या भोकात हलक्या हाताने पण सैल न होता बसले पाहिजे. भोक लांबट झालेले असेल तर ते भरून पुन्हा पाडून घ्यावे लागेल, हे टाळू नका. चारही नट कोपऱ्यांतून आळीपाळीने, थोडे थोडे आवळा आणि शेवटचा ताण टॉर्क रेंचने द्या. पुस्तकात आकडा दिलेला आहे, अंदाज नको.

फोंडेकर

पॉलीयुरेथेनचा माझा सल्ला मागे घेतो. परंतु एक समजले नाही. ब्रेक दाबल्यावर ॲक्सल सरकतो हे पटते, पण उभ्या गाडीत नुसते स्टिअरिंग फिरवल्यावर तो पुढे-मागे का जावा?

यंत्रनिष्ठा

चांगला प्रश्न आहे. उभ्या गाडीत स्टिअरिंग उजवीकडे फिरवता तेव्हा दोन्ही टायर जमिनीवर घासत एकाच दिशेने वळतात. जमीन त्यांना विरोध करते आणि तो विरोध उलट दिशेने संपूर्ण ॲक्सलला पिळू पाहतो, म्हणजे ॲक्सलचे एक टोक पुढे आणि दुसरे मागे जाऊ पाहते. ही पिळण दोन्ही बाजूंच्या पाट्यांनी पेलायची असते. उजवी पकड घट्ट आहे, डावी सैल, म्हणून सैल बाजू सरकते आणि बैठकीच्या कडेवर आदळते. दिशा बदलली की उलट बाजूला आदळते. चालत्या गाडीत टायर गडगडत असल्यामुळे स्टिअरिंगला विरोध फारच कमी होतो, म्हणून साठच्या वेगात हलके वळण घेताना आवाज येत नाही. ‘वेगात येत नाही, जागेवर येतो’ ही माहिती पहिल्याच नोंदीत होती आणि तिच्यावर आपण सगळ्यांनीच पुरेसा विचार केला नाही, मी धरून.

कुळागरवाला

काम झाले. डावा पाटा उतरवताच सेंटर बोल्टाचे डोके मेस्त्रीच्या तळहातावर पडले. उरलेला दांडा पाट्यांच्या भोकात होता, कातरलेली जागा एका बाजूला जुनी काळवंडलेली आणि एका बाजूला चकचकीत होती, म्हणजे तो एका दिवसात तुटलेला नाही. डावीकडच्या चारपैकी दोन नटांचे आटे दगडांनी चेपले होते, आणि पाना लावल्यावर ते खरोखरच ‘घट्ट’ लागत होते. बैठकीचे भोक किंचित लांबट होते, ते वेल्डिंगने भरून नव्याने पाडले. उजवीकडचा बोल्ट शाबूत होता, तरीही दोन्ही बाजूंचे यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट बदलले. सामान आणि मजुरी मिळून २,८०० रुपये झाले. आधीच्या अकरा हजारांचा हिशेब मी घरात काढत नाही.

नवे माप : उजवीकडे २३७४, डावीकडे २३७३. स्टिअरिंग व्हील आता उलट बाजूला तिरके झाले होते, कारण आधी चुकीच्या जागेनुसार जुळवले होते. ते पुन्हा जुळवून घेतले. ‘टक्’ गेला.

‘कर्र’ मात्र आहे.

पाटेवाला

‘कर्र’ साठी एक सोपा प्रयोग. सकाळी आवाज येत असताना पाट्याच्या डोळ्यातील आणि शॅकलमधील रबरी बुशांवर एकेका ठिकाणी साधे पाणी शिंपडा आणि बंपरवर उभे राहून गाडी दाबा. ज्या बुशावर पाणी पडताच आवाज काही वेळ थांबतो, तो बुश गुन्हेगार. पाणीच वापरा, तेल किंवा डिझेल नको.

कुळागरवाला

पाण्याने चारपैकी तीन बुश बोलले, डावीकडचे दोन आणि उजवीकडचा एक. तेलाचे म्हणाल तर येथे माझी कबुली. दरवर्षी मे महिन्यात, गंज लागू नये म्हणून, मी गाडीच्या पोटाला इंजिनाचे जळके तेल फवारून घेतो. आमच्या वडिलांपासूनची पद्धत आहे.

पाटेवाला

पद्धत सगळ्या गोव्याची आहे, मीही तरुणपणी शेकडो गाड्यांना ते फवारले आहे. पत्र्याचा गंज त्याने थोडा लांबतो हे खरे, पण खनिज तेलाने रबर फुगते, मऊ पडते आणि मग त्याच्या चिंध्या होतात. शिवाय त्या तेलावर लाल धूळ बसून लेप तयार होतो आणि सैल बोल्टही त्याखाली दिसेनासा होतो. यापुढे गंजरोधक मेण किंवा रंग लावा, आणि लावताना बुश व ब्रेकचे होज झाकून ठेवा.

बुश बदलताना एक लक्षात असू द्या. डोळ्याचा आणि शॅकलचा बोल्ट चाके टांगलेली असताना शेवटचा आवळू नका. आधी हातघट्ट ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून पाट्यांना बसू द्या आणि मग आवळा. टांगलेल्या स्थितीत आवळलेला रबरी बुश गाडी खाली आल्यावर कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो.

अनमोडपार

माझ्या गाडीचे पाटे गेल्या दिवाळीत उतरवले होते आणि त्यानंतर यू बोल्ट पुन्हा आवळलेले नाहीत. उद्या सकाळी हेच पहिले काम.

कुळागरवाला

शेवटची नोंद. ३०० किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट पुन्हा तपासले. डाव्या बाजूचे दोन नट पाव-पाव फेरा फिरले, उजव्या बाजूचे जागचे हलले नाहीत. पांढऱ्या रेघा तशाच ठेवल्या आहेत, आणि व्हाळ ओलांडून आलो की मुलगा वाकून त्या पाहतो. बुश पणजीच्या दुकानातून मागवले आहेत, ते पुढच्या आठवड्यात येतील, तोवर सकाळची ‘कर्र’ चालू राहील. ओळंबा काल गवंड्याला परत केला.